पांढऱ्या पेशींची मोजणी आणि गर्भारपणातील रक्तदाब

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर नदीच्या उत्तर तीरावर वसलेल्या कोक्विटलामला 1891 मध्ये पालिकेचा दर्जा मिळाला, लाकूडगिरण्यांच्या आधाराने ते वाढले आणि कालांतराने व्हँकुव्हर महानगरात सामावले गेले. येथील गर्भवती प्रसूतीसाठी मुख्यतः शेजारच्या न्यू वेस्टमिन्स्टरमधील, 1862 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कोलंबियन रुग्णालयात जातात, तर प्रांतातील विशेष प्रसूतिसेवेचे आणि संशोधनाचे केंद्र व्हँकुव्हरमध्ये आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच परिसरात गर्भारपणातील रक्तदाबाच्या विकाराचा धोका ओळखण्याचे निकष तयार झाले आणि त्यांच्या आधारावर उभी राहिलेली पद्धत पुढे बेळगावच्या खेड्यांपर्यंत पोहोचली. या निकषांत रक्तातील पांढऱ्या पेशींच्या संख्येला स्थान नाही. त्याआधीच्या दशकांत या पेशींचा मोठा अभ्यास झालेला असूनही असे का घडले, याचा उलगडा या विकाराच्या इतिहासातच होतो.

प्रीएक्लॅम्पसिया या नावाने ओळखला जाणारा हा विकार सामान्यतः गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर दिसू लागतो. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांसारख्या अवयवांवर परिणाम होतो, आणि आकडी आली म्हणजे त्यालाच एक्लॅम्पसिया म्हणतात. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असे मराठी घरांत म्हटले जाते, त्यामागे अशाच संकटांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी 1843 मध्ये आकडी आलेल्या स्त्रियांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन आढळत असल्याचे दाखवले, आणि 1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याचे रक्तदाबमापक यंत्र बनवल्यावर या विकाराची दुसरी खूणही मोजता येऊ लागली. कारण मात्र हाती लागत नव्हते. रक्तात एखादे विष तयार होत असावे, या समजुतीने त्याला दीर्घकाळ ‘गर्भारपणातील विषबाधा’ म्हटले गेले, परंतु ते विष कोणालाही सापडले नाही.

रक्तपेशी मोजण्याची काचपेटी आणि पेशींचे प्रकार रंगवून वेगळे दाखवणारी रंगद्रव्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली, तेव्हा निरोगी गर्भवतीच्या रक्तातही पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, हे ठळक झाले. एरवी दर घनमिलिमीटरमागे साधारण 4,000 ते 11,000 असणारी त्यांची संख्या गर्भारपणात 15,000–16,000 पर्यंत आणि प्रसूतिवेदनांच्या काळात 25,000 च्याही पुढे जाऊ शकते. ही वाढ प्रामुख्याने न्यूट्रोफिल या पेशींची असते, ज्या जंतुसंसर्गावर सर्वांत आधी धावून जातात. प्रीएक्लॅम्पसियात ही संख्या सरासरीने आणखी थोडी वाढते. तथापि दोन्ही गटांतील आकडे एकमेकांवर इतके चढतात की एकट्या मोजणीवरून एखाद्या स्त्रीला विकार आहे की नाही हे ठरवणे अवघड होते. त्यातच गर्भाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून मातेला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनानेही ही संख्या वाढते.

संख्येने न दिलेले उत्तर पेशींच्या वर्तनात शोधण्याचा प्रयत्न 1980 च्या दशकाअखेर सुरू झाला. ब्रिटनमधील इयन ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवले की, न्यूट्रोफिल चेतवले गेल्यावर त्यांच्यातून बाहेर पडणारे इलॅस्टेज हे विकर प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या रक्तात अधिक असते. त्यानंतर पेशींवर प्रकाशमान खुणा चिकटवून त्यांना लेसरच्या झोतातून एकेक करून नेणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या तंत्राने, गॅव्हिन सॅक्स आणि ख्रिस्तोफर रेडमन यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने 1998 मध्ये अनपेक्षित निष्कर्ष काढला. निरोगी गर्भारपणातच पांढऱ्या पेशी, रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णाप्रमाणे, काही प्रमाणात चेतवलेल्या असतात. प्रीएक्लॅम्पसियात हाच प्रकार अधिक तीव्र असतो. यावरून रेडमन, सॅक्स आणि इयन सार्जंट यांनी 1999 मध्ये मांडणी केली की, हा विकार गर्भारपणापलीकडचा वेगळा रोग नसून वारेतून मातेच्या रक्तात येणाऱ्या सूक्ष्म कणांना तिच्या शरीराने दिलेला, मर्यादेबाहेर गेलेला दाहक प्रतिसाद आहे. त्याच वर्षी टोरोंटोमध्ये पीटर फॉन डाडेलसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकारात न्यूट्रोफिलांचा नियत मृत्यू लांबतो, म्हणजे चेतलेल्या पेशी रक्तात अधिक काळ टिकतात, असे नोंदवले. स्वित्झर्लंडच्या बाझेलमधील गटाने 2005 मध्ये, न्यूट्रोफिल आपल्याच डीएनएचे जे जाळे बाहेर फेकतात ते अशा स्त्रियांच्या वारेत आढळते, हे दाखवले.

फॉन डाडेलसेन पुढे व्हँकुव्हरला आले, आणि पेशींच्या या अभ्यासकाने तेथे हाती घेतलेला प्रश्न वेगळा होता: विकार कसा होतो हा नव्हे, तर दाखल झालेल्या कोणत्या स्त्रीला पुढील 48 तासांत धोका आहे, हा. चार देशांतील 2,023 स्त्रियांच्या नोंदींवरून बनलेले आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फुलपायर्स’ हे सूत्र गर्भाचे वय, छातीत दुखणे किंवा धाप, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, बिंबिका म्हणजे प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि यकृताचे एक विकर या सहा गोष्टींवर उभे आहे. 2014 च्या ‘मिनीपायर्स’मध्ये तर रक्ताची चाचणीच नाही, डोकेदुखी, डोळ्यांपुढची अंधारी, रक्तदाब, लघवीच्या पट्टीवरील प्रथिने अशा, दवाखान्यापासून दूर असलेल्या गावातही तपासता येणाऱ्या खुणा पुरेशा मानल्या गेल्या.

याच खुणा मोबाइलवरील उपयोजनात घालून बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतील आशा कार्यकर्त्या गरोदर स्त्रियांच्या घरी गेल्या. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष पाकिस्तान व मोझांबिकमधील प्रयोगांसह 2020 मध्ये एकत्र मांडण्यात आले. एकूण 69,330 गर्भवतींच्या या अभ्यासात माता व बालकांच्या मृत्यू-आजारांत सरसकट घट दिसली नाही, मात्र जिथे किमान आठ भेटी झाल्या तिथे परिणाम अधिक चांगला असल्याचे सूचित झाले.

म्हणून पांढऱ्या पेशींच्या अभ्यासाचे मोल त्यांच्या मोजणीवरून ठरत नाही. विषाचा शोध सोडून वार आणि मातेचे रक्त यांच्या संबंधाकडे पाहण्याची दिशा त्याने दिली; दारात उभ्या असलेल्या आशा कार्यकर्तीच्या हाती मात्र रक्तदाबाचे यंत्र आणि लघवीची पट्टी हीच साधने उरली.