घाटात पाय सोडवताना

सोलापूरच्या सायकलस्वाराला घाट चढायची हौस आली की तो तुळजापूरची वाट धरतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि भोवताली सपाट माळरान. १८७७ साली ‘जुनी मिल’ नावाची गिरणी उभी राहिली, तिच्या मागोमाग इतर गिरण्या आल्या, भोंग्यावर शहराचं घड्याळ चालू लागलं. पुढे गिरणीच्या आणि यंत्रमागाच्या कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या सायकल हाणली, पण चढाची फिकीर त्यांना कधी करावी लागली नाही. चपलेतला पाय पायडलवर ठेवायचा, थांबायचं झालं की उचलून जमिनीवर टेकवायचा. बस.

तुळजापूर मात्र बालाघाटच्या डोंगरकडेला, साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. पंचेचाळीसेक किलोमीटरच्या वाटेत तामलवाडी मागे पडेपर्यंत काही विशेष वाटत नाही. खरा चढ शेवटी लागतो. आता या रस्त्यावर गिअरच्या हलक्या सायकली दिसतात आणि चालवणाऱ्याच्या बुटाखाली क्लीट असतो. क्लीट म्हणजे पायडलमध्ये खटकन अडकणारी पट्टी. पाय घसरत नाही, उभं राहून जोर लावता येतो. अडचण येते ती चढावर वेग मरतो आणि पाय वेळेवर सुटत नाही तेव्हा. सायकल उभ्या जागी आडवी होते, कोपर किंवा मनगट खाली येतं.

ही अडचण सव्वाशे वर्षांची आहे. पाय पायडलला बांधायच्या युक्त्या माणसाला लवकर सुचल्या. तो बिनबोभाट सोडवायचा कसा, हे जमायला मात्र जवळजवळ शतक गेलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीच्या सायकलींना चवड्यापुढे धातूची चौकट आली. पुढे तिला चामडी पट्टा जोडला गेला. पायडलच्या कडेवर बसेल अशी खाच असलेली पट्टी बुटाच्या तळाला ठोकली की पाय पक्का. घाट लागण्याआधी वाकून पट्टा हाताने आवळायचा आणि थांबण्याआधी पुन्हा वाकून बक्कल सैल करायचं. चढावर दोन्ही हात हँडलवर लागतात, त्याच वेळी एक हात पायापाशी न्यायचा म्हणजे कसरतच. तरीही १९८०च्या दशकापर्यंत जगभरच्या शर्यती याच पट्ट्यांवर झाल्या.

दुसरी वाट कुणाला सुचलीच नव्हती असं नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सनने १८९५ सालीच पाय वळवून अडकवायचं आणि वळवूनच सोडवायचं पायडल काढलं होतं. कल्पना बरोबर होती, पण बाजाराने तिच्याकडे पाठ फिरवली. १९७१ साली इटलीच्या चिनो चिनेल्लीने एम-७१ हे पायडल आणलं. त्यात बूट सरकवून बसवायचा आणि सोडवायला पायडलवरची कळ हाताने सरकवायची. पट्टा गेला, वाकणं राहिलंच. सायकलस्वारांनी या क्लीटला थेट मृत्यूचं नाव जोडलं, ते उगीच नव्हे.

उत्तर मिळालं ते बर्फाळ डोंगरातून. फ्रान्सच्या नेव्हेर गावची लुक ही कंपनी स्कीइंगच्या पट्ट्यांना बूट जोडणारे खटके बनवायची. बर्फावर पडणाऱ्याचा पाय मोडू नये म्हणून ठरावीक जोर आला की बूट आपोआप सुटावा, हे त्या खटक्याचं काम. झाँ बेल याने रचलेल्या या यंत्रणेवरून लुकने १९८४मध्ये सायकलचं पायडल काढलं. टाच बाहेर वळवली की स्प्रिंग उघडते आणि पाय मोकळा होतो, हाताचं काम नाही. पुढच्याच वर्षी सायकलपटू बेर्नार इनोने हीच पायडलं लावून आपली पाचवी ‘तूर द फ्रान्स’ शर्यत जिंकली. मग चामडी पट्टे मोडीत निघायला फार वर्षं लागली नाहीत.

लुकचा क्लीट मोठा होता, तो लावून चालणं म्हणजे बदकचाल. १९९०मध्ये जपानच्या शिमानोने डोंगरी सायकलींसाठी एसपीडी पायडल आणलं. त्याचा क्लीट पोलादी, लहान, दोन स्क्रूंचा आणि तळव्याच्या खाचेत लपणारा. चढ झेपला नाही तर उतरून सरळ चालता येतं. रस्त्यावरच्या नवशिक्यालाही म्हणून हीच जोडी सोयीची पडते.

महाराष्ट्रात चढाचा मान ठरतो तो बोरघाटात. १८३० साली वाहतुकीला खुल्या झालेल्या या घाटातून मुंबई-पुणे सायकल शर्यत जाते आणि तिथे अव्वल ठरणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७मध्ये नाशिकचेच श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. या नावांनी लांब पल्ल्याच्या सायकलिंगची हवा गावोगाव पोचली, आणि त्याबरोबर क्लीटही.

आता तुळजापूरच्या चढाकडे जवळून पाहू. मागून ट्रक गिअर बदलत येतोय, समोरून एसटी उतरतेय, आणि पायडल जड झालंय. इथे गिअर आधीच हलका हवा. चढाच्या मध्यावर बदलायला गेलं की चेन कुरकुरते, उरलासुरला वेग जातो. सायकल तोलायला वेग लागतो. तो चालण्याइतका उतरला की थांबावं का चढावं हा विचार करायची वेळ गेलेली असते. म्हणून शंका आली त्याच क्षणी, अजून दोनतीन पायडलं मारता येत असताना, एक पाय सोडवावा.

कोणता? आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून डावा. तोल गेलाच तर अंग रस्त्याकडे न जाता कडेला जातं. मात्र साईडपट्टी खचलेली असेल तर डावा पाय पोकळीत जातो, तेव्हा डांबराच्या काठाच्या थोडं आतच थांबावं. पुन्हा निघताना चढ जरा सैल आहे अशी जागा बघावी. एक पाय अडकवून, ते पायडल वर घेऊन दाबावं. दुसरा पाय नुसता टेकवून चार फेरे मारावेत आणि वेग आल्यावरच खटका लावावा. खाली पायडल शोधत बसलं की सायकल मागे यायला लागते.

नवरात्रात आणि कोजागरीला हाच रस्ता तुळजाभवानी आईच्या दर्शनाला पायी निघालेल्यांनी भरून जातो. त्या दिवसांत क्लीट घरी ठेवून साध्या पायडलवर निघणंच शहाणपणाचं.

क्लीटमुळे पायडल वर ओढता येतं आणि त्यामुळे चढ सोपा होतो, असं बरेचजण सांगतात. प्रयोगशाळेतल्या मोजमापात मात्र मुद्दाम वर ओढून चालवल्यावर शरीराची शक्ती उलट जास्त खर्च होते, असं दिसलं आहे. चढ चढवतो तो खाली दाबणारा पाय. तरीही ओढताना पाय निसटू नये म्हणून अनेकजण स्प्रिंगचा स्क्रू करकचून आवळतात आणि मग ऐन वेळी पाय निघत नाही. घाटातलं पडणं पुष्कळदा या स्क्रूपासून सुरू होतं.

तेव्हा नवे क्लीट घेतलेत तर पहिल्याच रविवारी तुळजापूर गाठायची घाई करू नका. एलन कीने दोन्ही पायडलांचे स्क्रू उणे खुणेकडे, अगदी सैल होईपर्यंत फिरवा. एसपीडीत कोणत्याही दिशेला पाय वळवला तरी सुटणारा एसएच-५६ हा क्लीट मिळतो, सुरुवातीला तोच मागा. सोलापूरच्या होम मैदानासारख्या मोकळ्या जागी, कमीत कमी वेगात, डावा पाय सोडवायचा सराव विचार न करता जमेपर्यंत करा. घाट त्यानंतर.