शहराच्या पोटात काय पुरलंय?

ग्लासगोच्या आग्नेयेला क्लाइडकाठी शॉफील्ड नावाचा भाग आहे. आज तिकडे गेलात तर नवे रस्ते आणि नव्या इमारती दिसतील. पण २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जवळच्या पोलमडी नाल्याचं पाणी एकाएकी हिरवं-पिवळं झालं. त्या पाण्यात क्रोमियम उतरलं होतं.

ते आलं कुठून? १९ व्या शतकात शॉफील्डला जे. अँड जे. व्हाइट यांचा कारखाना होता. चामडं कमावायला आणि रंगांसाठी लागणारी क्रोमियमची रसायनं तिथे तयार होत. भट्ट्यांच्या धुळीने कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोकं पडत. १८९९ मध्ये केअर हार्डी यांनी मालक लॉर्ड ओव्हरटन यांच्याविरुद्ध पत्रकं काढून हे चव्हाट्यावर आणलं. कारखाना १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाला. त्याचा टाकाऊ माल मात्र आसपासच्या खाणींत आणि सखल जागांत भरावासाठी जिरवला गेला होता. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळतं आणि श्वासातून गेलं तर कर्करोग होऊ शकतो. कारखाना गेला, तरी त्याचा माल अजून नाल्यात झिरपतो आहे.

पुरलेल्या गोष्टीचा दुसरा धडा याच शहराने ११ मे २००४ ला घेतला. मेरीहिलमधल्या स्टॉकलाइन प्लास्टिकच्या कारखान्यात स्फोट झाला, इमारत कोसळली, ९ माणसं गेली. तळघरात एलपीजी साचला होता. गॅसची लोखंडी नळी आवारात जमिनीखाली गेलेली होती आणि गंजत होती. १९८८ मध्ये सरकारी सुरक्षा यंत्रणेने ती उकरून तपासायला सांगितलं होतं, पण ते काम झालंच नाही. लॉर्ड गिल यांच्या चौकशीने पुढे सांगितलं की ही दुर्घटना टाळता आली असती.

आता ग्लासगोहून आपल्या मुलखाकडे वळूया, कारण गोष्ट तीच आहे. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर क्लोरीनची गळती होऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले. ते सिलिंडर तिथे वर्षानुवर्षं बेवारस पडून होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० निघालं आणि एका माणसाचा किरणोत्सर्गाने मृत्यू झाला. दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेलं जुनं उपकरण लिलावात विकलं होतं. ते तोडणाऱ्यांना आत काय आहे याची कल्पनाच नव्हती.

चारही घटनांत धोका नवा नव्हता. कुणाला तरी तो एके काळी ठाऊक होता, पण ती माहिती पुढच्या माणसापर्यंत गेली नाही. म्हणून शहराच्या तयारीचा विचार करताना भोंगे, बंबवाले आणि संरक्षक पोशाख एवढ्यावर थांबू नका. हे सगळं दुर्घटना घडल्यावर कामाला येतं. खरी तयारी म्हणजे कुठे काय साठवलंय, काय पुरलंय आणि त्याची जबाबदारी कुणाची, याची चालू यादी.

ब्रिटनमध्ये २००४ च्या नागरी आपत्ती कायद्याने स्थानिक परिषदा, पोलीस, अग्निशमन दल आणि आरोग्य सेवा यांना धोके ओळखून योजना आखायला बांधील केलं आहे. दूषित म्हणून जाहीर झालेल्या जमिनींची नोंदवहीही परिषदेकडे असते आणि नागरिकांना ती पाहता येते. भारतात रासायनिक अपघातांच्या तयारीचे नियम १९९६ पासून आहेत आणि त्यात जिल्हा पातळीवरच्या समित्यांची तरतूद आहे.

कायदे आहेत. पण यादी कुणी मागितली नाही, की ती कपाटात धूळ खाते. तुम्ही ग्लासगोत घर घेत असाल तर वकिलाला त्या जमिनीचा इतिहास विचारा. आईवडील डोंबिवलीत किंवा चेंबूरला राहत असतील, तर शेजारच्या कारखान्यात काय साठवतात आणि वायू सुटला तर काय करायचं, हे त्यांच्या सोसायटीला माहीत आहे का, तेवढं पुढच्या फोनवर विचारा.