लाल दिवा न लागता फाटलेला आवाज

गेल्या दिवाळीत नेसरीला गेलो होतो, तेव्हा काकांच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. एका बाजूला ‘शिवकल्याण राजा’. नेसरीच्या घरात ती नसती तरच नवल! २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि सहा स्वार बहलोलखानावर तुटून पडले ती खिंड आमच्याच गावची, आणि त्यावरच्या कुसुमाग्रजांच्या कवितेला हृदयनाथांनी लावलेली चाल याच संचात आहे (१९७४, बरोब्बर तीनशे वर्षांनी). पण खरा ऐवज दुसऱ्या बाजूला. तिथे आमची आजी. १९९१ साली काकांनी टू-इन-वन समोर ठेवून तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या म्हणून घेतल्या होत्या. आजीचा याखेरीज दुसरा आवाज कुणाकडेच नाही.

घरात एक आयटीवाला असल्यावर काम कुणाकडे येणार? टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली आणि लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली. सॉफ्टवेअरमधला लाल दिवा सारखा लागत होता, म्हणून स्लायडर खाली ओढला. दिवा लागायचा थांबला. झालं की! फाइल फॅमिली ग्रुपवर टाकली आणि कॅसेट परत ट्रंकेत.

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून आत्याचा फोन. “आईचा आवाज असा फाटका नव्हता रं बाळा.”

फाइल उघडून मोठी करून पाहिली. लाटांची टोकं सुरीनं कापल्यासारखी सपाट, आणि तीही पट्टीच्या निम्म्या उंचीवर. छत अजून कितीतरी वर, मग डोकं आपटलं कशावर? पुढचे दोन वीकांत याच वाचनात गेले. जे कळलं ते इथे मांडतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

आवाजाची पातळी मोजायची पद्धत आली टेलिफोनवाल्यांकडून. ६०० ओहमच्या लाइनवर १ मिलिवॅट पोचवायला ०.७७५ व्होल्ट लागतात. आजही ऑडिओतला ० डीबीयू म्हणजे हाच आकडा. १९३९ च्या सुमारास बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवला. स्टुडिओत काटा शून्यावर म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. हा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला. स्थिर व्हायला ३०० मिलिसेकंद घेतो, त्यामुळे ढोलकीची थाप त्याला दिसेपर्यंत संपलेली असते. खरी टोकं काट्यापेक्षा ८-१० डीबी वर सहज जातात. म्हणून शून्याच्या वर मोकळी जागा राखायची, तीच हेडरूम. म्हणजे अ‍ॅनलॉगमधलं शून्य हे छत नव्हतंच, ती राहायची खोली होती आणि वर माळा होता.

टेपनं मात्र लोकांना वेगळी सवय लावली. खाली खरखर, म्हणून पातळी वर ठेवायची. आणि वर गेलं तरी टेप एकदम कापत नाही, हळूहळू दबते, कानाला बरंही वाटतं. फिलिप्सची कॅसेट आली १९६३ मध्ये. डॉल्बी नसेल तर तिच्यात खरखर आणि आवाज यांतलं अंतर जेमतेम पन्नासेक डीबी. मग काय, काटा लालमध्ये नाचवणं हेच कौशल्य!

१९८२ ला सीडी आली आणि शून्य छतावर जाऊन बसलं. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, सर्वात वरची +३२,७६७. त्याच्या वर आकडाच नाही. जे वर गेलं ते कायमचं गेलं, त्याला अन-डू नाही. म्हणून युरोपातल्या प्रसारकांनी जुन्या कामाच्या पातळीची जागा छताखाली १८ डीबीवर ठरवली, अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांनी २० वर. तरीही “फुल बिट वापरा” म्हणत छताला चिकटून रेकॉर्ड करायची टेपच्या काळातली सवय बरीच वर्षं टिकली. १६ बिटच्या काळात तिला थोडाफार अर्थ होता. आता साधा कन्व्हर्टरही २४ बिटचा असतो. एक बिट म्हणजे ६ डीबी. १८ डीबी मोकळे सोडले तर तीन बिट गेले, २१ उरले. कॅसेटची गरज किती? नऊसुद्धा नाही!

आता माझी चूक. माइकचं भोक काही मिलिव्होल्टची अपेक्षा करतं, मी हेडफोनमधून शेकडो मिलिव्होल्ट ओतले. आतल्या प्रीअँपनं ते अजून वाढवले, त्याला मिळणारा वीजदाब संपला आणि लाट तिथेच कापली गेली. माझा स्लायडर होता त्याच्या नंतर. म्हणजे मी आधीच फाटलेली लाट फक्त बुटकी केली. लाल दिवा लागणार कसा? तो कन्व्हर्टरचा आकडा बघतो, त्याच्या आधी अ‍ॅनलॉगमध्ये काय झालं ते त्याला माहीतच नसतं.

महाशिवरात्रीला एका मित्राचा ऑडिओ इंटरफेस घेऊन परत नेसरी गाठली. लाइन-आउट असलेला डेक मिळवला, तो लाइन-इनमध्ये लावला आणि इनपुटचं बटण -१० वर ठेवलं (घरगुती उपकरणांची पातळी ०.३१६ व्होल्ट, स्टुडिओच्या +४ पेक्षा सुमारे १२ डीबी खाली). आधी ‘शिवकल्याण राजा’ची बाजू लावून सगळ्यात जोराची जागा शोधली. टोकं छताखाली १२ डीबीवर येतील असा गेन लावला आणि मग हात काढून घेतला. आजी स्वच्छ आली. दोन ओव्यांमध्ये ती श्वास घेते तेव्हा टू-इन-वन आपोआप पातळी वाढवतो आणि मागे गोठ्यातली म्हैस ऐकू येते, तीसुद्धा!

चौथ्या ओवीला डेकनं टेप खाल्ली. पेन्सिलीनं गुंडाळून पुढचं सगळं मिळवलं, पण तेवढा तुकडा चुरगळून गेला. ती ओवी आता फक्त पहिल्या फाइलमध्ये आहे, सपाट टोकांची. डीक्लिपर लावून पाहिला. आत्या म्हणाली, “ही कोण बाई?” म्हणून मूळ फाटकीच जोडून दिली.