गाठ तीच, पायरी वेगळी : किडनीतल्या पाण्याच्या गाठी, सिटी स्कॅन आणि एमआरआय

जळगाव जामोदमध्ये किडनी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा लागतो. विहिरीचं पाणी खारट, बोअरचंही खारट. या तालुक्यात आणि शेजारच्या संग्रामपुरात किडनीच्या आजाराने गेलेल्या माणसांची नावं लोक बोटांवर मोजून सांगतात. वान धरणावरून 140 गावांची पाणीपुरवठा योजना करावी लागली ती या पाण्यापायीच.

आज मात्र आपण किडनीतल्या पाण्याच्या गाठीबद्दल, म्हणजे सिस्टबद्दल बोलणार आहोत. खारं पाणी आणि ही गाठ यांची सांगड कृपा करून घालू नका. वय वाढतं तशा या गाठी कुठल्याही गावच्या माणसात दिसतात. आपल्या भागाचा संबंध येतो तो दुसऱ्या जागी, तिथे आपण पोचूच.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण काहींच्या आत कॅन्सर दडलेला असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी हे ओळखायचं कसं? शिरेतून औषध देऊन एक्स-रे काढायचा, फुगवटा दिसला की सुई घालून पाणी काढून बघायचं, आणि तरीही शंका राहिली तर पोट उघडायचं. उघडल्यावर साधी पाण्याची गाठ निघाली, असंही व्हायचं.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन इथे पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सिटी स्कॅन झाला. यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं. त्यांच्या नावाने जे मोजमाप आलं, त्यात पाणी शून्य आणि हवा उणे 1000. आता बघा, आपला प्रश्न काय होता? आत पाणी आहे की मांस? त्याला आता आकड्यात उत्तर मिळायला लागलं. आयोडीनचं इंजेक्शन देऊन पुन्हा मोजायचं. आकडा साधारण 20 ने वाढला तर तिथे रक्त पोचतंय, म्हणजे ते नुसतं पाणी नाही.

याच पायावर 1986 मध्ये न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बोस्नियाक यांनी चार पायऱ्या मांडल्या. पहिली आणि दुसरी, सोडून द्या. तिसरी, शंकास्पद. चौथी, बहुधा कॅन्सर. पुढे नव्वदच्या दशकात दुसरी आणि तिसरीच्या मध्ये 'टू-एफ' घातली गेली, म्हणजे कापू नका, पण लक्ष ठेवा. आम्हाला या सगळ्या कामात ही मधली पायरी सगळ्यात शहाणी वाटते. तिसऱ्या पायरीवरच्या गाठींपैकी साधारण निम्म्याच कॅन्सरच्या निघतात, म्हणजे तिथे केलेल्या दर दोन ऑपरेशनांतलं एक टाळता आलं असतं.

ही शिडी सिटीच्या डोळ्याने बांधलेली होती. मग एमआरआय आला आणि डॉक्टर तीच शिडी त्यालाही लावू लागले. इथे गंमत झाली. 2004 मध्ये बोस्नियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गाठी दोन्ही यंत्रांवर ताडून बघितल्या. पाचातल्या चार ठिकाणी जुळलं. जिथे जुळलं नाही तिथे एमआरआयला आतले पडदे जास्त दिसले, भिंत जाड दिसली, आणि काही गाठी वरच्या पायरीवर गेल्या. गाठ बदलली नव्हती, बघणारं यंत्र बदललं होतं.

म्हणजे एमआरआय वाईट का? तसं नाही. लहान गाठीभोवतीची किडनी इंजेक्शनने उजळली की सिटीत गाठीचा आकडाही उगाच वाढलेला दिसू शकतो, त्याचा एमआरआयला त्रास नाही. गाठीत जुनं रक्त असेल तर इंजेक्शनच्या आधीचं चित्र नंतरच्या चित्रातून वजा करून बघता येतं. उलट चुन्याचे कण सिटीतच नीट दिसतात. 2019 मध्ये शिडीची नवी आवृत्ती आली, तीत एमआरआयसाठी वेगळे निकष लिहिले गेले आणि 'जाड' म्हणजे 4 मिलिमीटर किंवा जास्त, असं आकड्यात बांधून टाकलं. तोवर 'जाड' हे ज्याच्या त्याच्या नजरेवर होतं!

आता आपल्या भागाकडे येऊ. ज्याचं क्रिएटिनिन आधीच वाढलंय, त्याला आयोडीनचं इंजेक्शन देताना डॉक्टर थबकतात. मग एमआरआय करू म्हटलं, तर त्यातलं गॅडोलिनियम. 2006 मध्ये लक्षात आलं की किडनी फार निकामी झालेल्या रुग्णांत त्याच्या काही जुन्या प्रकारांनी कातडी दगडासारखी घट्ट होते. नव्या प्रकारांत तो धोका फारच कमी आहे, त्यामुळे अशा रुग्णासाठी आज पारडं बऱ्याचदा एमआरआयकडे झुकतं. आणि तोच एमआरआय गाठ एक पायरी वर चढवू शकतो. दोन्ही किडन्या धड असलेल्या माणसाचा तुकडा कापला तर निभावतं. जेमतेम चालणारी किडनी असलेल्याला तोच तुकडा डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत नेऊ शकतो.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, जुन्या फिल्म ठेवायच्या की टाकायच्या? ठेवा ताई. 'टू-एफ'ची गाठ वर्षानुवर्षं बघायची असते. गेल्या वर्षी सिटी आणि यंदा एमआरआय झाला असेल, तर 'गाठ वाढली' म्हणण्याआधी डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागतं. अकोल्याला जा की नागपूरला, पिशवीत रिपोर्टच्या कागदाबरोबर फिल्म आणि सीडीही घेऊन जा.