लपलेला थर

एका ट्रेसिंग पेपरवर नद्या, दुसऱ्यावर जिल्हे, असा नकाशा आपण वर्गात करतो. १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत फोटोशॉपच्या चित्रांनाही असे थर मिळाले. त्याआधी चित्रावर अक्षर उमटवले की खालचे रंग गेलेच! पण ही फाइल सगळ्यांकडे उघडत नसे. पान कुठेही जसेच्या तसे दिसावे म्हणून अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणले होते. त्यात थर नव्हते. सगळे एकजीव करावे लागत.

ही उणीव आम्हांला सोयीची वाटते. आकृतीवरचा उत्तरांचा थर नुसता लपवून मूळ फाइल वाटली, तर उत्तरेही सोबत जातात. २००३ पासून पीडीएफही थर बाळगू शकते. म्हणून लपवलेले थर काढून, उरलेले एकत्र करूनच पीडीएफ करावी, आणि तीही आपल्याच संगणकावर. रूपांतरासाठी मूळ फाइल परक्या सर्व्हरवर चढवली, की उत्तरे तिथे आधीच पोहोचलेली असतात.