मुद्गल ऑलिंपिकला जातो

ऑलिंपिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये मुद्गल फिरवायची स्पर्धा दोनदा झाली, 1904 साली सेंट लुइसला आणि 1932 साली लॉस एंजेलिसला. क्रीडाशिक्षक म्हणून मी निवृत्त झालो, पण माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना हे सांगून पटत नसे. तिथे मुद्गलाला ‘इंडियन क्लब’ म्हणत. नाव इंडियन, पदकं मात्र दोन्ही वेळा तिन्हीच्या तिन्ही अमेरिकनांना. आपलं कुणी त्या मैदानात उतरलंच नव्हतं.

मुद्गल हे पैलवानाचं जड लाकडी साधन. जोर-बैठकांनी छाती-मांड्या भरतात, पण खांदा मोकळा आणि मनगट पक्कं व्हायला मुद्गलच हवा. मिरजेकडच्या आमच्या तालमीत बाभळीचा एक जुना मुद्गल होता. तो खांद्याशी उभा धरायचा, कोपर वर उचलून मानेमागून पाठीवर सोडायचा, लंबकासारखा एका बगलेकडून दुसरीकडे जाऊ द्यायचा आणि त्याच झोकात पुन्हा पुढे घ्यायचा. नुसत्या ताकदीने ओढला की खांदा दुखावलाच म्हणून समजा. वस्ताद आकडे मोजत नसत, कान देऊन बसत. लाकूड पाठीला घासल्याचा आवाज आला की ओरडत, “मनगट झोपलंय!” बनारसकडे तर खिळे मारलेली जोडी फिरवतात. तिथे चूक ऐकायला वस्तादाची गरज पडत नसावी.

हा व्यायाम ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी इथे पाहिला आणि विलायतेला नेला. डोनाल्ड वॉकरने 1834 मध्ये पुरुषांच्या व्यायामावर पुस्तक काढलं, त्यात तो आला. दोनच वर्षांनी त्याने स्त्रियांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं आणि त्यांच्या हाती नाजूक दांडुके दिले. पुढे सिम केहो नावाचा माणूस लंडनहून ही कला न्यूयॉर्कला घेऊन गेला. तो क्लब बनवून विकायचा आणि 1866 मध्ये त्याने त्यावर पुस्तकही छापलं. पुस्तक लिहिणारा आणि माल विकणारा एकच, म्हणजे प्रचार जोरात होणारच! या सगळ्या प्रवासात वजन उतरत गेलं आणि फेऱ्यांची नक्षी वाढत गेली.

जिम्नॅस्टिक्सचं मूळ घराणं मात्र जर्मन. फ्रीड्रिख यानने 1811 मध्ये बर्लिनबाहेर हासेनहाइडला उघड्यावर मैदान उभारलं. आजचे पॅरलल बार, हॉरिझाँटल बार त्याच परंपरेतले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांच्या ‘टर्नर’ व्यायाममंडळांत या बारांशेजारी आपला मुद्गलही बसला. सेंट लुइसला क्लबचं सुवर्ण जिंकणाऱ्या एडवर्ड हेनिगने त्याच ऑलिंपिकमध्ये हॉरिझाँटल बारवरही पहिला नंबर विभागून घेतला होता.

1932 चा विजेता जॉर्ज रॉथ. मंदीचे दिवस, हाताला काम नाही. भरल्या स्टेडियममध्ये सुवर्णपदक घेतलं आणि बाहेर येऊन रस्त्यावर गाडीला हात दाखवत तो घरी गेला, असं सांगतात. त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून बाद झाला.

इकडे गंमत वेगळीच. तेच हलके क्लब विलायती कवायतीबरोबर आपल्या शाळांत परत आले. मीही वर्षानुवर्षं साधन कवायतीत डंबेल्स-लेझीम घेतली; क्लब असायचे ते कपाटात, तेही जोडी मोडलेले. तालमीतला मुद्गल शाळेत न्यावा असं तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. शाळेला ती पैलवानकी वाटायची.

पुढे रिदमिक जिम्नॅस्टिक्स आलं. त्याची पहिली जागतिक स्पर्धा 1963 मध्ये बुडापेस्टला झाली आणि 1984 मध्ये ते ऑलिंपिकमध्ये शिरलं, तेही पुन्हा लॉस एंजेलिसलाच. सोव्हिएत आणि बल्गेरियन मुली त्यांच्या देशांच्या बहिष्कारामुळे आल्या नाहीत, सुवर्ण कॅनडाच्या लॉरी फंगने नेलं. चेंडू, रिंग, रिबन यांच्या जोडीला क्लबही होते. आता एका क्लबचं वजन निदान 150 ग्रॅम लागतं. आमच्या तालमीतल्या मुद्गलाची मूठसुद्धा त्याहून जड भरेल. पण मुली क्लब हवेत उंच फेकून, गिरकी घेऊन, न बघता झेलतात, आणि हे आमच्या वस्तादांना जमलं नसतं, हे मी त्यांच्या कुठल्याही पठ्ठ्यासमोर म्हणायला तयार आहे. ऑलिंपिकमध्ये रिदमिक जिम्नॅस्टिक्स अजून फक्त मुलींचंच आहे. पैलवानाला तिथे प्रवेश नाही.