पुराच्या आधीचं पुणं, पुराच्या नंतरचं पुणं

दारव्ह्यात 'पूर आला' म्हटलं की माणसं अडाण नदीकडे बघतात. 'घोषणांचा पूर आला' म्हटलं की निवडणुकीकडे. मराठीत आश्वासनांना पूर येतो, रडणाऱ्याचा बांध फुटतो, माणसांचे लोंढे स्टेशनावर उतरतात. पाणी मात्र कुठेच नसतं.

पुण्यात या शब्दानं आणखी एक काम केलं, कालगणनेचं. जुन्या पेठांत वर्षानुवर्षं घराचं वय, दुकानाची जागा, लग्नाचं साल सांगायचं ते 'पुराच्या आधी' की 'पुराच्या नंतर' असं. कुठला पूर, हे विचारणारा बाहेरगावचा!

तारीख १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं. बांध खचू लागला, तशी जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी तो फुटलाच. ते पाणी खाली खडकवासल्यात घुसलं आणि एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरणही फुटलं. पुण्यात मुठा नदीकाठच्या नारायण, शनिवार पेठांतले मातीचे वाडे भिजून ढासळले.

इथे बांध फुटणं अलंकारिक नव्हतं. पण वाहून गेलेल्या वाड्यांबरोबर शहराची ठेवणही बदलली. पुनर्वसनाची सूत्रं सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आली, गोखलेनगरात पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्यांच्या निसन झोपड्या उभ्या राहिल्या. 'पूरग्रस्त' हा सरकारी शब्द मग वसाहतींच्या पत्त्यांत जाऊन बसला.